इतिवृत्तात नसलेलं

ठराव क्रमांक चार, असं लिहिलं
आणि पेन झटकलं, शाई उतरेना.
रविवार, साडेदहा. दुसरी मिसा सुटून
लोक तसेच आलेले, इस्त्रीच्या कपड्यांत.
खुर्च्या ऐंशी, माणसं दोनशेच्या वर.
स्पीकर मौलालीचा, भाडं आठशे.
वायर ओढताना तो कोणाच्या पायात येत नाही,
बारा वर्षांत हे त्याला चांगलं जमलंय.

डॉक्टर शर्मद कुंकळ्येकर पणजीहून आलेले,
पडद्यावर निळे-पिवळे खांब.
म्हणाले, बाहेरून आलेले शंभरात सतरा.
म्हणाले, वाढ मंदावतेय, सरासरी पाहिली तर...
"सरासरी कशी दिली किलो?" मागून कोणीतरी.
अख्खा हॉल हसला. मीही.

मग दयेश उठला.
हातात कागद नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला,
आणि गावाचं नाव घेताना आवाज खाली आणायची सवय.
"सतरा? मग पदेराच्या सायकलवर कोण?
ट्रॉलरवर कोण?
रात्रीच्या बसमधून उतरणाऱ्या तुमच्या मुलीला
विचारा सरासरी."
तो म्हणाला, निम्मे. निम्म्याहून जास्तच.
जत्रेत खाजं घालतात तसा त्यानं आकडा घातला,
न मोजता, वर आणखी एक मूठ.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "याला पुरावा काय?"
यावर कोणी हसलं नाही.
कारण सोळा वर्षांपूर्वी
याच टेबलामागे, याच प्लॅस्टिकच्या फुलांमागे
एक तज्ज्ञ बसला होता. त्याच्याकडेही खांब होते.
कारखान्याचं पाणी विहिरींपर्यंत यायला
तीनशे वर्षं लागतील, म्हणाला होता.
भाटवाड्याच्या विहिरीत ते तिसऱ्या चवथीला आलं.
तो ठराव मीच लिहिलाय. अक्षर सुबक आहे.
डॉक्टरांना हे कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांना वाटलं, लोकांना गणित कळत नाही.

आणि सतरा?
सतरा माझेच. भाडेकरूंच्या वहीतून नेलेले.
वहीत नाव घालायचं तर खोली दाखवावी लागते,
खोली दाखवली की घरपट्टी.
म्हणून रघुवीरच्या मागच्या पत्र्याखाली
वहीनुसार कोणीच राहत नाही.
दयेशच्या काकाच्या आठ खोल्या
वहीत काजूची वखार आहेत.
टाळ्या त्याच रांगेतून जोरात आल्या.
खरा आकडा मला साधारण ठाऊक आहे.
कोणी विचारला नाही.
निवृत्तीला चौदा महिने उरलेत.

तेवढ्यात पिएदादबाय उठली, खुर्चीची पाठ धरून.
"आमचो ओर्लांद स्विंडनला गोदामात आहे.
पोर्तुगालचा पासपोर्ट, रात्रपाळी.
तिथेही अशीच सभा भरते म्हणतो, गुरुवारी.
तिथे त्याला कशात धरतात?
सतरात की निम्म्यात?"
तिनं दयेशकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडेही नाही.
माझ्याकडे पाहिलं, लिहिणारा मी म्हणून.
दयेश म्हणाला, "बाय, तो आपला."
डॉक्टर म्हणाले, "तो वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे."
ती बसली. पर्स उघडली, बंद केली.
मी लिहिलं: एका महिलेने प्रश्न विचारला. चर्चा झाली.

भाडेकरूंना दाखले देऊ नयेत.
अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.
हात मी मोजले. एकदा पंच्याण्णव भरले,
एकदा एकशे सात.
मधला आकडा लिहिला.

हॉल रिकामा झाला. डॉक्टर नकाशे गुंडाळत होते,
एक नळी सापडेना, ती शोधायला
दयेशच वाकला टेबलाखाली.
मौलालीनं वायर कोपरावर गुंडाळली,
आठशेची पावती पुढे केली.
पावतीवर पत्त्याचा रकाना असतो.
"साहेब, काय लिहू?
वखार लिहू?"
मी म्हटलं, राहू दे.